सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ : गाडी विकताना त्यातले किती हाती येते?

मे २०१९ मध्ये पुण्यातल्या एका शोरूममधून आम्ही पांढरी डिझेल विटारा ब्रेझा घेतली आणि जून २०२५ मध्ये ती विकली. या सहा वर्षांत गाडीच्या रंगाच्या संरक्षणावर मी ४३,०७० रुपये खर्च केले. त्याच्या सगळ्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, कारण सिरॅमिक कोटिंग घेताना सेल्समनने ज्या मुद्द्यावर सर्वांत जास्त भर दिला होता तो गाडी पुढे विकण्याचा होता. 'साहेब, हा खर्च नाही. विकताना सगळं वसूल होतं,' असे त्याचे शब्द होते. गाडी विकली गेल्यावर तो हिशेब मांडून पाहणे मला आवश्यक वाटले. आणि योगायोगाने त्याच वर्षी रत्नागिरीच्या माझ्या मेहुण्यांनीही त्यांची संपूर्ण पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक 'पेंट प्रोटेक्शन फिल्म', लावलेली गाडी विकली, त्यामुळे दोन्ही प्रकारांचा अनुभव एकाच घरात जमा झाला. हे परीक्षण त्या दोन अनुभवांवर आधारलेले आहे.

कोणत्या वस्तूबद्दल आपण बोलत आहोत, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण शोरूममध्ये टेफ्लॉन, सिरॅमिक आणि फिल्म हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात : पत्रा गंजू नये म्हणून विजेच्या साहाय्याने बसवलेला पहिला थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि बहुतेक गाड्यांत सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्यांची जाडी मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाच्या केसाहून थोडी जास्त. आणि आपल्याला दिसणारी चमक ही त्यातल्या ४०-५० मायक्रॉनच्या क्लिअर कोटची असते. सिरॅमिक कोटिंग म्हणजे या क्लिअर कोटवर हाताने पुसून लावलेले, सिलिकावर आधारित द्रावण, जे सुकल्यावर एक-दोन मायक्रॉनचा कडक पापुद्रा तयार करते. पीपीएफ हा मात्र १५० ते २०० मायक्रॉन जाडीचा, थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा चिकट पारदर्शक पडदा असतो. म्हणजेच पहिल्याची जाडी मूळ रंगाच्या शंभराव्या हिश्शाएवढी आणि दुसऱ्याची मूळ रंगापेक्षाही जास्त. दोघांना 'पेंट प्रोटेक्शन' या एकाच नावाने विकले जात असले, तरी त्यांचे काम, किंमत आणि गाडी विकतानाचे परिणाम पूर्णपणे वेगळे आहेत. टेफ्लॉनबद्दल इतकेच सांगतो की तव्यावर ते भट्टीत भाजून बसवलेले असते. गाडीच्या रंगावर तसे करताच येत नाही, त्यामुळे त्या नावाने जे लावले जाते ते व्यवहारात काही महिन्यांचे पॉलिशच ठरते.

शोरूमच्या कोटेशनमध्ये विमा, नोंदणी आणि रोड टॅक्सच्या खाली 'सिरॅमिक पॅकेज, पाच वर्षे वॉरंटी' अशी ओळ आधीपासूनच छापलेली होती. किंमत १८,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २१,८३० रुपये. साडेअकरा लाखांची गाडी घेताना ही रक्कम डोळ्यांत भरत नाही, आणि नव्या गाडीच्या आनंदात ती नाकारण्याचे धैर्यही होत नाही. मी ती स्वीकारली. पुढे जे समजले ते असे की, हे काम शोरूमच्या मागच्या शेडमध्ये, गाडी ताब्यात देण्याच्या आदल्या दिवशी, अवघ्या काही तासांत उरकले गेले होते. कोटिंग लावण्यापूर्वी रंगावरची बारीक धूळ, वाहतुकीत बसलेले लोखंडाचे कण आणि पॉलिशच्या रेषा काढून टाकणे हेच खरे काम असते. ते नीट झाले नाही तर त्या रेषा कोटिंगखाली तशाच राहतात. माझ्या गाडीच्या बॉनेटवर पहिल्याच उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसल्या. गाडीचे वय त्या दिवशी नऊ दिवस होते.

वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत दोन अटी होत्या. दर बारा महिन्यांनी त्याच शोरूममध्ये सशुल्क देखभाल करून घेणे बंधनकारक होते आणि ही वॉरंटी मूळ मालकापुरतीच मर्यादित होती. पहिल्या देखभालीची तारीख मे २०२० मध्ये येत होती. त्या महिन्यात पुण्यात टाळेबंदी होती आणि आमची गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून हललीही नव्हती. जुलैमध्ये मी गाडी घेऊन गेलो, तेव्हा मुदत चुकल्यामुळे वॉरंटी रद्द झाल्याचे सांगण्यात आले. मी लेखी तक्रार केली, दोनदा व्यवस्थापकांना भेटलो. शेवटी एक मोफत धुलाई देऊन विषय संपवण्यात आला. ग्राहक म्हणून हा अनुभव मला अजून सलतो. रीसेलच्या दृष्टीने मात्र दुसरी अट अधिक महत्त्वाची होती, आणि ती मी गाडी घेताना वाचायला हवी होती : जी वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होतच नाही, तिच्यासाठी नवा मालक पैसे का देईल?

२०२१ मध्ये मी कर्वेनगर भागातल्या एका डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या ठिकाणी, काम पुन्हा करून घेतले. त्याचे १६,५२० रुपये झाले आणि त्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट मनापासून कौतुक आहे. तिथल्या मुलाने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. आधी धुतली, मग चिकणमातीसारखा दिसणारा एक मऊ गोळा पाण्याच्या फवाऱ्यासोबत सगळ्या पत्र्यावरून फिरवला. तो गोळा उलटा करून मला दाखवला तेव्हा त्यात काळपट-तांबूस कण रुतलेले दिसत होते आणि ज्या पत्र्याला हात लावल्यावर आधी बारीक खरखर जाणवत होती, तो काचेसारखा लागत होता. मग त्याने जाडी मोजण्याचे छोटे यंत्र प्रत्येक पॅनलवर टेकवून आकडे फळ्यावर लिहिले, कारण पॉलिश करताना क्लिअर कोटचे दोन-तीन मायक्रॉन कायमचे निघून जातात आणि किती शिल्लक आहे हे न पाहता मशीन चालवणे धोक्याचे असते. 'काका, हे आयुष्यात चार-पाच वेळाच करता येतं. रंग काही परत उगवत नाही,' असे तो म्हणाला. हे वाक्य मला गाडी विकतानाही आठवले.

कोटिंगचा उपयोग काय झाला, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर रोजच्या वापरात झाला. आमच्या पार्किंगच्या एका कडेला उंबराचे झाड आहे. उन्हाळ्यात त्याच्या फळांवर रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी गाडीच्या टपावर त्याच्या खुणा असतात. पूर्वी ही घाण दुपारपर्यंत राहिली की रंगावर फिकट डाग उमटत असे. कोटिंगनंतर संध्याकाळी धुतली तरी ती निघून जात असे. पावसाळ्यात चिखल पटकन सुटायचा, धुण्याचा वेळ निम्म्यावर आला होता. पण तोटेही होते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे आणि बोअरचे पाणी येते, ते जड असते. कोटिंग केलेल्या पत्र्यावर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात, आणि ते उन्हात जागच्या जागी सुकले की प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचे पांढरे वर्तुळ उरते. ते काढण्यासाठीच मला २०२२ आणि २०२३ मध्ये देखभालीचे प्रत्येकी २,३६० रुपये द्यावे लागले. ओरखड्यांपासून संरक्षणाची अपेक्षा तर कोणीच ठेवू नये. जाहिरातीत जो '९एच' कडकपणा सांगतात तो पेन्सिलच्या मोजपट्टीवरचा आहे : त्या दर्जाच्या कडक पेन्सिलने ठरावीक दाब देऊन ओढले असता चरा पडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे जे कण असतात ते यापेक्षा कितीतरी कडक असतात, आणि गाडी पुसणाऱ्याच्या फडक्यात तेच अडकलेले असतात.

आता विक्रीकडे येतो. जून २०२५ मध्ये आमच्याच इमारतीतल्या एका शेजाऱ्यांनीही त्यांची ब्रेझा विकायला काढली. तेच वर्ष, तेच मॉडेल, तोच पांढरा रंग, दोघेही पहिले मालक. त्यांची गाडी ६१,००० किलोमीटर चालली होती, माझी ६८,०००. त्यांनी सहा वर्षांत कोटिंगवर एक रुपयाही खर्च केला नव्हता. पण ते स्वतः दर रविवारी गाडी धुतात आणि रोज कोरड्या फडक्याने पुसणाऱ्याला त्यांनी पहिल्या दिवसापासून गाडीला हात लावू दिलेला नाही. आम्ही दोघांनी जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एकाच कंपनीच्या ॲपवरून एकाच आठवड्यात तपासणी करून घेतली, त्यामुळे यापेक्षा चांगली तुलना मला कुठे मिळाली नसती.

तपासणीला आलेला तरुण आमच्या गाडीपाशी पाऊण तास होता. त्याच्या टॅबमध्ये एकामागून एक रकाने उघडत होते : आरसी, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा, दुसरी किल्ली, सर्व्हिसच्या नोंदी, टायरची झीज, काचांवरचे उत्पादन वर्ष, बॉनेटखालचे बोल्ट कधी सोडवले गेले आहेत का, डिकीतल्या पत्र्याचे मूळ वेल्डिंग शाबूत आहे का. रंगासाठी त्याने खिशातून तेच जाडी मोजण्याचे यंत्र काढले. टपावर १०८, बॉनेटवर १०३, डाव्या फेंडरवर १०५ असे आकडे आले. उजव्या बाजूच्या मागच्या दरवाज्यावर मात्र २३६. 'हा दरवाजा रंगवलाय का?' त्याने लगेच विचारले. रंगवला होता. २०२२ मध्ये पार्किंगमध्ये एक टेम्पो घासून गेला होता आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये साडेचार हजारांत तो दरवाजा नव्याने रंगवून घेतला होता. माझ्या डोळ्यांना आजही फरक दिसत नव्हता, यंत्राला एका क्षणात दिसला, आणि टॅबवर त्या दरवाज्यापुढे 'रिपेंट' अशी नोंद झाली.

मी त्याला माझी कोटिंगची फाइल दाखवली. त्याने आदराने ती पाहिली आणि परत केली. त्याच्या टॅबमध्ये कोटिंगसाठी रकानाच नव्हता. एक-दोन मायक्रॉनचा थर त्याच्या यंत्राला दिसतही नाही, कारण एवढा फरक तर एकाच पॅनलच्या दोन टोकांना मूळ रंगातही असतो. शेजाऱ्यांना ६,२५,००० रुपयांची बोली आली आणि मला ६,०८,००० रुपयांची. मी कारण विचारले तेव्हा सात हजार किलोमीटरचा फरक, रंगवलेला दरवाजा आणि माझ्या गाडीचे जवळपास संपलेले दोन टायर ही तीन कारणे सांगण्यात आली. चमकेबद्दल वजा किंवा अधिक काहीच नव्हते.

त्यानंतर मी सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेलो. या गृहस्थांचा त्या धंद्यात मोठा अनुभव आहे आणि त्यांनी माझ्या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्यात या सगळ्या विषयाचे गणित आहे असे मला वाटते. ते म्हणाले, 'गाडी आमच्याकडे आली की रबिंग-पॉलिश केल्याशिवाय आम्ही ती उभीच करत नाही. अडीच-तीन हजारांत कुठलीही गाडी चमकते. तुमची आधीच चमकतेय, म्हणजे माझे ते अडीच हजार वाचले. त्याहून जास्त मी कसे धरणार?' चमकेला बाजारात मिळणारी किंमत ही पुन्हा चमक आणायला लागणाऱ्या खर्चापेक्षा जास्त असूच शकत नाही. कोटिंगला माझे ४३ हजार लागले असोत किंवा ८० हजार, घेणाऱ्याच्या दृष्टीने ती रक्कम अडीच हजारांचीच आहे. याउलट, कारखान्यातला मूळ रंग कोणत्याही गॅरेजला परत आणता येत नाही, म्हणून त्याला किंमत आहे. आणि तो एकदा गेला की पॅनलमागे काही हजार कमी होतात, शिवाय 'गाडी ठोकलेली आहे का?' हा प्रश्न विनाकारण उभा राहतो.

गाडी शेवटी मी थेट ग्राहकाला विकली. बारामतीचे एक शिक्षक त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आले. मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढून धूर पाहिला, पुढच्या सीटखालचा कार्पेट उचलून बोटांनी ओलावा तपासला, गाडीखाली आडवे होऊन सायलेन्सर आणि पत्र्याच्या कडा पाहिल्या. रंगावर त्याने एकदा हात फिरवला आणि 'बरा आहे' एवढेच म्हटले. शिक्षकांनी सर्व्हिसच्या पावत्या मात्र एकेक करून वाचल्या. व्यवहार ६,३०,००० रुपयांना झाला. कोटिंगच्या फाइलकडे त्यांनी पाहिले नाही. पहिला मालक आणि अखंड सर्व्हिस रेकॉर्ड यासाठी आपण चार हजार जास्त दिले, असे त्यांनीच सांगितले.

विम्याच्या बाजूनेही हीच गोष्ट दिसते. गाडीची विमा घोषित किंमत म्हणजे आयडीव्ही ही कंपनीच्या विक्री किमतीवर ठरलेल्या दराने घसारा लावून काढतात : पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यात कोटिंगचा विचार नसतो. फिल्म किंवा कोटिंग पॉलिसीत वेगळे दाखवून त्याचा हप्ता भरलेला नसेल, तर अपघातात पॅनल बदलताना त्यावरच्या संरक्षणाचे पैसे मिळतील असे गृहीत धरू नये.

आता मेहुण्यांच्या गाडीबद्दल. त्यांचा प्रश्न आणि परिसर दोन्ही वेगळे होते. त्यांना आठवड्यातून दोनदा रत्नागिरी ते महाड असा प्रवास करावा लागतो. मुंबई-गोवा महामार्गाचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको की वर्षानुवर्षे त्या रस्त्यावर कुठे खडी, कुठे वळण, कुठे पुढे चाललेला उघडा डंपर हे ठरलेलेच आहे. गाडी गडद निळ्या रंगाची, २०२१ सालची. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कोल्हापुरात संपूर्ण गाडीला पॉलियुरेथेनची फिल्म लावून घेतली. खर्च करासह १,३५,००० रुपये.

मी चार वर्षांनी ती गाडी नीट पाहिली. बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि हेडलाइटच्या वरच्या पट्टीत फिल्मवर खड्यांचे पंधरा-वीस टोचे मोजता येत होते. काही ठिकाणी फिल्म आरपार फाटली होती, पण एका टोच्यापाशी नखाने कड उचलून पाहिली तर खालचा रंग अभंग होता. फिल्म नसती तर त्यातल्या प्रत्येक ठिकाणी प्रायमर उघडा पडला असता आणि कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तिथे तांबूस ठिपका दिसायला फार दिवस लागले नसते. फिल्मच्या वरच्या थरात आलेले बारीक ओरखडे गाडी उन्हात उभी केल्यावर बुजून जातात, हा दावाही मी स्वतः पाहून खरा मानतो. गरम पाणी ओतल्यावर दोन मिनिटांत पुसट रेषा नाहीशी झाली. खोल चरा मात्र जात नाही. दुसरी बाजू अशी की दरवाज्यांच्या आणि बॉनेटच्या कडांना, जिथे फिल्म संपते, तिथे जांभ्याची लाल माती चिकटून एक बारीक तपकिरी रेषा तयार झाली होती, जी गडद निळ्या रंगावर दोन फुटांवरून दिसत होती आणि कशानेही निघत नव्हती.

विकताना जे झाले त्याची आम्ही कोणीच कल्पना केली नव्हती. तपासणीच्या यंत्राने प्रत्येक पॅनलवर २७० ते २९५ असे आकडे दाखवले. हे यंत्र पत्र्यापर्यंतचे अंतर मोजते. मध्ये रंग आहे की फिल्म, हे त्याला कळत नाही. म्हणजे ज्या मूळ रंगाच्या रक्षणासाठी सव्वा लाखाहून जास्त रुपये खर्च केले, तोच रंग यंत्राच्या दृष्टीने संपूर्णपणे पुन्हा मारलेला ठरत होता. पहिल्या तपासनिसाने अहवालात 'रंगाची जाडी जास्त' असे लिहिले आणि बोली अपेक्षेपेक्षा बरीच खाली आली. मेहुण्यांकडे सुदैवाने फिल्म लावण्यापूर्वी घेतलेल्या मापांचे फोटो आणि पावती होती. फिल्मची कड दाखवून त्यांनी दुसऱ्यांदा तपासणी मागितली, तेव्हा ती नोंद काढली गेली. पण काढली गेली म्हणजे रक्कम पूर्ववत झाली इतकेच, वाढली नाही. पुढे चिपळूणच्या एका डॉक्टरांनी कंपनीच्या बोलीपेक्षा २५,००० रुपये जास्त देऊन ती गाडी घेतली. त्यांना फिल्मचे महत्त्व माहीत होते आणि स्वतःही त्याच रस्त्याने ये-जा करणार होते. त्या पंचवीस हजारांपैकी निम्मे तरी फिल्ममुळे मिळाले असे धरले, तरी खर्चाचा दहावा हिस्साही परत आला नाही. फिल्म उतरवून द्यावी असाही विचार झाला होता, परंतु चार-पाच वर्षांनी ती उतरवायला गरम वाफेने तासन्‌तास काम करावे लागते, गोंद राहतो, आणि एखादे पॅनल पूर्वी बाहेर रंगवलेले असेल तर फिल्मबरोबर त्याचा रंगही सुटून येण्याची भीती असते; मजुरीचा आकडा ऐकून तो विचार सोडून दिला.

तरीही मेहुण्यांना त्या खर्चाचा पश्चात्ताप नाही, आणि त्यांची बाजू मला समजते. चार वर्षांत त्यांना बंपर किंवा बॉनेट रंगवावे लागले नाही, छोट्या कामांसाठी विम्याचा दावा करावा लागला नाही आणि त्यामुळे चार वर्षांनंतरचा ४५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शाबूत राहिला. रंगाच्या कामात विमा कंपनी साहित्याच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापते, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, पॉलिसीत असल्याशिवाय तो आपल्यालाच सोसावा लागतो, हे धरले तर थोडी बचत नक्कीच झाली. पण पुढचा बंपर आणि बॉनेट एवढ्याच भागाला फिल्म लावली असती तर तिचा खर्च पंचवीस हजारांच्या आसपास झाला असता, आणि टोचे पडले ते सगळे त्याच भागात होते. टपाला, डिकीला आणि मागच्या दरवाज्यांना लावलेली लाखाची फिल्म चार वर्षांनीही जवळजवळ कोरी होती.

म्हणून माझे मत असे आहे. पाच-सहा वर्षांनी विकायच्या, दहा-पंधरा लाखांच्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग घ्यायचे असेल तर ते धुण्याच्या सोयीसाठी आणि स्वतःच्या आनंदासाठी घ्यावे, चांगल्या स्टुडिओतून घ्यावे आणि तो पैसा परत येणार नाही हे धरून घ्यावे. शोरूममधले पॅकेज मी कोणालाही सुचवणार नाही. संपूर्ण गाडीची पीपीएफ गडद रंगाच्या महागड्या गाडीला, जिचे एकेक पॅनल रंगवायलाच वीस-पंचवीस हजार लागतात, किंवा जी आपण आठ-दहा वर्षे ठेवणार आहोत अशा गाडीला शोभते. रंगीत किंवा मॅट फिल्मचा मोह असेल तर आरसीवरच्या रंगाशी तो जुळतो का ते आधी पाहावे. आरटीओकडे नोंद न करता रंग बदललेली गाडी विकताना हस्तांतरणाच्या कागदांपाशी अडकते. आणि जुन्या गाडीचा भाव हलवणाऱ्या गोष्टी फार मोठ्या असतात : २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्यांच्या जुन्या गाड्यांच्या बोलीही खाली घसरल्या. मी तीन महिने आधी विकल्यामुळे जे वाचले, ते सहा वर्षांच्या कोटिंगने कधीच मिळवून दिले नसते.

ऑक्टोबरमध्ये आम्ही नवी गाडी घेतली. कोटेशनवर 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज २४,९०० रुपये' अशी ओळ याही वेळी आधीच छापलेली होती. ती मी खोडायला लावली आणि गाडी पॉलिश न करता, फक्त पाण्याने धुऊन द्यावी असे अर्जावर लिहून दिले. ताबा घेण्यापूर्वी सगळ्या पॅनलची जाडी मोजून फोटो काढले, ते आरसीच्या प्रतीबरोबर ठेवले आहेत. फिल्म फक्त दरवाज्यांच्या हँडलमागच्या खोलगट जागेत, दरवाज्यांच्या कडांना आणि डिकीच्या उंबऱ्यावर लावली, जिथे नखे, शेजारच्या गाड्या आणि बॅगा रोज लागतात. त्याचे ३,८०० रुपये झाले. दोन बादल्या, तळाला बसवायच्या दोन जाळ्या आणि सहा मायक्रोफायबरची फडकी असे सामान साडेबावीसशेत आले. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या काकांशी बोललो. कोरडी धूळ फडक्याने पुसायची नाही, एक दिवसाआड पाणी मारून, वेगळ्या बादलीत फडके पिळूनच गाडी पुसायची, असे ठरले आणि त्यासाठी महिन्याला दोनशे रुपये वाढवून दिले. काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारले की दुसऱ्या बादलीच्या तळाशी रोज एवढी वाळू कुठून येते. मी त्यांना शेजारच्या काळ्या गाडीचे बॉनेट उन्हात तिरके होऊन बघायला सांगितले.